दाक्षीचं गणित, महादेवाचा खोकला

मार्गशीर्ष, सोमवार

ही वही माझी नाही. दाक्षीची आहे, निम्मी भरलेली, निम्मी कोरी. आज तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "अज्जी, मास्तर शिकवत असताना तू बोलू नको गं. बोलावंसं वाटलं की यात लिही." म्हणून लिहायला बसले. मला शाळा दुसरीची, तीही अर्धी. मग लग्न ठरलं आणि पाटी सुटली. अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्यानं मान वाकडी करावी.

आता मास्तर कशाला आणि मी तिथं कशाला ते लिहिते. दाक्षी म्हणजे दाक्षायणी, माझी नात, पुण्याला कॉलेजात शिकते. आमच्या सोलापुरात, शेंगादाण्याच्या पेठेत, कुणाची पोरगी कॉलेजात नाही. पण पहिल्या टर्मात ती एका विषयात नापास झाली. क्यालकुलस म्हणतात त्याला. पहिल्या टर्मात फोडायचं असतं म्हणे, दुसऱ्या टर्मात जोडायचं. फोडायलाच जमलं नाही, त्यात दिवाळीला घरी आली ती ताप घेऊन. विषमज्वर. सिद्धरामानं, आमच्या सिद्धेश्वर देवानं, वाचवली. डॉक्टर म्हणाले, शिवरात्रीपर्यंत पुण्याचं नाव काढू नका. कॉलेजच्या साहेबांनी चिठ्ठी बघून परवानगी दिली, की घरी अभ्यास करा आणि फाल्गुनात येऊन परीक्षा द्या.

तर माझा मुलगा महादेवप्पा गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "हे शेवटचं. फाल्गुनात पास झाली तर पुढं बघू. न्हाय झाली तर अक्कलकोटच्या चनबसप्पांना त्यांच्या पोरासाठी होकार कळवायचा. पाडव्यापर्यंत सांगतो म्हणून मी शब्द दिलाय." पोरीनं भाकरी तशीच ठेवली. मी म्हटलं, "अरे, आजारातनं उठलेली पोर, कोण शिकवणार तिला हितं?" तर म्हणतो, "मला काय इचारतीस? हायस्कुलातल्या राजय्या मास्तरसारखं कुणी भेटलं तर भेटलं." आणि हात धुवायला उठला.

मी सिद्धेश्वराला नवस बोलले. आणि काय सांगू, दोन दिवसांत राजय्या मास्तर स्वतःच्या पायानं दारात! म्हणाले, "दुकानात... म्हणजे बाजारात कळलं, मुलीला गणित शिकवायचं हाय." याला म्हणतात देव. पैशाचं विचारलं तर हसले. "ते झालं अव्वा. तुमी शेंगाचटणी द्या की."

जाणती पोर, परका माणूस, म्हणून मी खोलीत बसायचं ठरलं. सून गुरम्मा म्हणाली, मला स्वयंपाक आहे, अव्वा बसू देत. बसायला माझी ना नाही. पण बसायचं म्हणजे गप्पही बसायचं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.


मार्गशीर्ष, गुरुवार

मास्तर दिवेलागणीला येतात. तेलुगू घरातले, भाऊ सगळे मागावर, हे एकटेच शिकून हायस्कुलात लागले. वय काही जास्त नाही, पण टक्कल पडलंय. विचार करून पडलं असेल.

आज त्यांनी दाक्षीला काही विचारलं आणि तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. एकामागून एक. माझा ऊर भरून आला. लहानपणी पावकी, निमकी, दिडकी मीच तिच्याकडून घोकून घेतली, हात धरून, ताल धरून. झोपेत विचारलं तरी सांगायची.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटीवरचं एकच अक्षर बदललं आणि म्हणाले, "आता सांगा." दाक्षी थांबली. ओठ हलत होते, पण पुढचं येईना. मास्तर म्हणाले, "पाठ हाय ताई. कळलेलं न्हाय."

माझ्या नातीला! मला इतका राग आला की चटणी दुसऱ्यांदा विचारलीच नाही. दाक्षी मात्र खाली मान घालून म्हणाली, "खरं आहे. मी कॉलेजात पण असंच केलं. सगळ्यांचं बघून उतरवलं आणि पाठ केलं."

"मग मागं जाऊ," मास्तर म्हणाले. "पहिल्या टर्मापासनं."

फाल्गुन जवळ येतोय आणि हा माणूस पोरीला मागं नेतोय. मी वहीत लिहिलं नसतं तर बोलले असते.

फळीच्या पलीकडं महादेव खोकत होता. आमच्या या खोलीच्या आणि गोदामाच्या मध्ये नुसत्या फळ्या आहेत, पलीकडं पोती. शेंगांची धूळ लई. याला काढा करून द्यायला पाहिजे.


मार्गशीर्ष, पौर्णिमा झाल्यावर

पाटी पुरत नाही म्हणून दाक्षी आता जमिनीवरच खडूनं लिहिते. खोलीभर. पाय टाकायला जागा नाही. मला भिंतीकडेनं अंग चोरून माझ्या पाटापर्यंत जावं लागतं. कुठं आकडे, कुठं कमानी, आणि एक उभी आकडी असते, वर वाकलेली, खाली वाकलेली, ताणून धरलेल्या जळूसारखी. ती आकडी आली की जोडायचं.

मास्तरांनी एक कमान काढली आणि विचारलं, हिच्याखाली जागा किती? दाक्षी म्हणाली, सूत्र असं असं. मास्तर म्हणाले, "सूत्र राहू द्या. आमच्या घरात माग हाय, तसं बघा. एक दोरा म्हणजे रुंदी न्हायच. पण दोऱ्याला दोरा लागत गेला की लुगडं होतंय की. ही जागा तशी एकेक दोऱ्यानं भरा. प्रत्येक दोरा किती लांब, ते कमान सांगती."

दाक्षी लई वेळ बघत बसली. मग तिनं उभ्या रेघा मारायला घेतल्या, बारीक, आणखी बारीक. मध्येच हसली. आजारानंतर पहिल्यांदा अशी हसली. मला कारण काही कळलं नाही, पण मी उठून मास्तरांच्या ताटलीत कडक भाकरी आणि चटणी दोन्ही वाढली. झालं गेलं सोडून दिलं.

महादेवाला सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केलाय. आलं, गूळ, मिरी, अडुळसा. तोंड वाकडं करून पितो. दिवसभर खोकत नाही, दिवेलागणीलाच खोकतो. हवा गार होत असेल.

पूर्वी शाळेत असताना असाच थंडीत अभ्यासाला बाहेर ओट्यावर बसायचा. गणिताचं वेड लई. त्याचे तेव्हाचे मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, याला पुढं शिकवा म्हणून. तेवढ्यात आमचे हे गेले आणि हा तराजूकडं बसला. आता हिशोबाशिवाय आकडा तोंडात घेत नाही.


पौष, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज डोळे भरून पाहिले. एवढी उंच, जड काठी पेलत मानकरी चालतात आणि खाली टेकवत नाहीत, दरवर्षी पाहते आणि दरवर्षी माझेच खांदे दुखतात. सिद्धरामाला म्हटलं, माझ्या पोरीलाही तेवढा जोर दे.

अक्कलकोटचे चनबसप्पा यात्रेला आले होते, ते घरी आले. माणूस वाईट नाही, दूध-तुपाचं घर आहे, मुलगा शेती बघतो. पण बोलतात कसे! दाक्षीच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "महादेवप्पा, रांगोळी लई घालतीय पोरगी. आमच्या घरी अंगण मोठं हाय, घालू दे की तिथं!" आणि आपणच हसले.

महादेव हसला नाही. म्हणाला, "पाडव्याला सांगतो म्हटलंय न्हव? पाडव्याला सांगतो."

ते गेल्यावर गुरम्मा म्हणाली, "तुमी त्यांना असं तोडून बोलायचं न्हाई. उद्या सोयरे व्हायचेत." तर हा उठून गोदामात गेला. हमालांना ओरडून सांगत होता, दिवेलागणीला पोती आपटायची नाहीत, धूळ उडते. बरं झालं. त्याच्या खोकल्याला बरं.


पौष, बुधवार

आज जेवताना एक गंमत. दाक्षी भाजी घेताना आपल्याशीच काही पुटपुटत होती, गणितच. महादेव पानावरून मान वर न करता म्हणाला, "शेवटी तो सी ऱ्हायला की."

दाक्षीच्या हातात पळी तशीच. "अप्पा, काय म्हणालात?"

"मी? कुटं काय. मीठ म्हटलं."

सी हे एक अक्षर आहे, जोडून झालं की शेवटी लावायचं असतं. मास्तर रोज त्यावरून दाक्षीला बोलतात. ते म्हणतात, फोडताना जे हरवतं त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून त्याची जागा ठेवायची. मीही बहुतेक बोलता बोलता महादेवासमोर बडबडले असेन. माझ्या तोंडात काही राहत नाही, म्हणून तर ही वही.

केराबाई शेळीचं दूध रोज घालते, पोरीच्या अंगाला लागलं. तिचे लई उपकार. डॉक्टरांचे उपकार. मास्तरांचे तर किती मोजावे. पोरगी आता मास्तरांनी सांगायच्या आधीच विचारते, "हे असं का?" कधी कधी मास्तरही थांबून टक्कल खाजवतात. मला दोघांचंही कौतुक वाटतं.


पौष, अमावस्या

शिवा शिवा. काय करून बसले मी.

आज अमावस्या. दुकानाची पूजा. आमच्याकडं अमावस्येला सारवल्याशिवाय चूल पेटत नाही, सासूबाईंपासून आहे. गुरम्माचे हात गुंतलेले, दाक्षी डॉक्टरकडं गेलेली. मी म्हटलं, म्हातारीनं एवढं तरी करावं. लिंगपूजा झाली, शेण कालवलं, आणि सोपा सारवला, माजघर सारवलं, आणि हात चालतच होता तसा दाक्षीच्या खोलीतनं फिरला. कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत. छान हिरवी झाली जमीन. मागं वळून पाहिलं आणि मग कळलं.

आठवडाभर ती एकच मोठं गणित जमिनीवर मांडत होती. परीक्षेला असलंच येतं म्हणे. एका ठिकाणी अडत होतं, तिथून फिरून यायची, पुन्हा मांडायची. मास्तर आज सगळं तपासणार होते. वहीत उतरवलेलं नव्हतं, कारण जुळल्यावर उतरवणार होती.

सगळ्यांत आधी महादेव आला, पूजेला कुंकू न्यायला. दारात उभा राहिला. मग जो ओरडला! "अव्वा! काय केलंस हे? पोरीनं आठ दिवस खपून मांडलेलं! कुणी सांगितलं तुला हितं सारवायला?" चुलीपासून गुरम्मा धावत आली. हमाल डोकावले. माझा मुलगा मला कधी असं बोललेला नाही, त्याच्या लग्नातही नाही. मी पोतेरं धरून रडायला लागले. तो कुंकू न घेताच निघून गेला.

दाक्षी आली. जमीन पाहिली. माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मार मला."

ती ओल्या जमिनीच्या कडेला बसली. म्हणाली, "अज्जी, सुकली की सांग." बस, एवढंच.

मास्तर आले तेव्हा जमीन सुकली होती. मी सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "काय होतं त्यात?" दाक्षी म्हणाली, "आठवत नाही. पण थांबा." आणि खडू घेतला. सुरुवातीला हळू, मग भरभर. जिथं आठ दिवस अडत होतं तिथं आली, थांबली, आणि दुसरीकडूनच वळली. त्या वाटेनं ती आधी गेलीच नव्हती. मास्तर उठून उभे राहिले. ती खोलीच्या मध्यापर्यंतच गेली असेल, आणि संपलं. मागच्या वेळी उंबऱ्यापर्यंत गेलं होतं तेव्हा संपलं नव्हतं! मग ती उलटी फोडत मागं गेली, आणि निघालं ते जिथून सुरू केलं होतं तेच.

"आलं," ती म्हणाली. "मास्तर, आलं की!"

मास्तर माझ्याकडं वळून हात जोडून म्हणाले, "अव्वा, जुनं समोर होतं तोवर ताई त्याच वाटेनं जात होत्या. तुमी वाटच पुसली."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. पण मला बरं वाटलं. पलीकडं महादेव इतका खोकला की मास्तरांनी फळीकडं पाहिलं आणि हसले. मी उठून काढा दिला. गरम होता तरी एका दमात प्यायला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मिरी जास्त झाली असणार.

रात्री जेवताना माझ्या पानात त्यानं स्वतः तूप वाढलं. सकाळच्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही.


माघ, शिवरात्रीनंतर

दाक्षी पुण्याला गेली. बरोबर कडक भाकऱ्यांची चवड, शेंगाचटणी, खारीक, विभूती. स्टेशनात मास्तरही आले होते. "ताई, अडलं तर भिऊ नका. जमीन सारवलीय असं समजा." दाक्षी हसली आणि मग रडली, आणि मग मी रडले, आणि गाडी हलली.

घर नुसतं ओकंबोकं वाटतं. दिवेलागणीला मी सवयीनं पाटावर जाऊन बसले. मास्तर नाहीत, दाक्षी नाही, बोलायला मनाई नाही, आणि बोलायला कुणी नाही.


फाल्गुन, रविवार

महादेव पुण्याला गेला. बारदान आणायचंय म्हणाला, नवीन पोती. मला वाटत होतं बारदान सोलापुरातच मिळतं, पण व्यापारातलं मला काय कळतंय. देवाचीच योजना, कारण उद्या दाक्षीची क्यालकुलसची परीक्षा, आणि बाप नेमका तिथं. सहज भेटून येईल.


फाल्गुन, बुधवार

आला. बारदान नाही. "भाव जमला न्हाय," म्हणाला. एवढं रेल्वेचं भाडं घालून! मी म्हटलं, "दाक्षी भेटली का?"

"भेटली."

"कशी गेली परीक्षा?"

"मला काय कळतंय त्यातलं. बरी गेली म्हणाली. एक कमानीचं होतं, ते लांबलं, पण सुटलं. सी लिहिला म्हणाली." आणि कपडे बदलायला गेला.


फाल्गुन, वद्य पक्ष

तार आली. तारवाला दारात दिसल्याबरोबर गुरम्मानं पदर तोंडात घातला, कारण आमच्या घरी तार आली ती कुणी गेल्याचीच. महादेव दुकानातून आला, तार फोडली, वाचली. मग पुन्हा वाचली. तारेत असे किती शब्द असतात? तरी हा माणूस वाचतोच आहे.

"अरे, बोल की!"

"पास," तो म्हणाला. "क्यालकुलसला चांगले मार्क हाईत. वर्गात दुसरी."

आणि तार खिशात घालून गोदामात गेला. आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.


फाल्गुन, तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी

आज उपकार फेडायला निघाले. सगळ्यात आधी सिद्धेश्वराला, तळ्याच्या पाण्यानं पाय धुवून, नवसाचा नारळ. मग डॉक्टरांच्या घरी पेढे. केराबाईला लुगडं, ती म्हणाली, "व्हय, माझी शेळी पण पास झाली म्हनायची!" मग राजय्या मास्तरांच्या घरी गेले. मागांच्या खडखडाटात त्यांना ओरडून सांगावं लागलं. सगळे भाऊ माग थांबवून ऐकत होते. मास्तर म्हणाले, "माझं काय अव्वा, मी फक्त आलो. ज्यांनी बोलावलं त्यांचं हाय." आणि वर बोट नाही केलं, आमच्या पेठेकडं केलं. सिद्धेश्वराचं देऊळ त्या बाजूला नाही, पण मास्तरांना दिशा कळत नसतील. गणितवाल्यांचं तसंच असतं.

चनबसप्पांना महादेवानं चिठ्ठी धाडली: मुलगी पुढं शिकतीय, आपल्या मुलाला दुसरीकडं चांगली सोयरीक बघावी, आमी मदत करू. गोड लिहिली. मला वाचून दाखवली.


पाडव्याच्या आदल्या दिवशी

उद्या पाडवा, म्हणून घर काढलं. सोपा, माजघर, दाक्षीची खोली, सगळं सारवलं. दाक्षीच्या खोलीत आता काही नव्हतं तरी हात घाबरत होता.

मग म्हटलं, गोदामाच्या बाजूनं फळ्या पुसून घ्याव्या, धुळीनं माखल्या असतील. आयुष्यभर त्या बाजूला कोण पुसतंय. ओलं फडकं घेऊन पोत्यांच्या मागं गेले.

तिथं एक पोतं घडी घालून ठेवलेलं, बसून बसून दबलेलं. समोर फळीला फट. आणि फट सोडून सगळ्या फळ्यांवर खडू. पोत्यांवर वजन मांडायचा जाड खडू. कमानी. उभ्या रेघा, जाड, मग बारीक. ती आकडी, वर वाकलेली, खाली वाकलेली, पहिल्यांदा काढताना पोरं काढतात तशी कुठं लहान, कुठं मोठी. कुठं खोडलेलं. आणि अमावस्येचं ते गणित, आधीचं, उंबऱ्यापर्यंत गेलेलं, जे मी पुसलं होतं, ते सगळंच्या सगळं इथं होतं. त्याच्या खाली दाक्षीची नवी वाट. शेवटी सी, चांगला ठळक.

महादेवाचा आकडा मी ओळखते. शाळेत असल्यापासून तो सात असाच काढतो, पोट बाहेर काढून.

फडकं हातात होतं. पाणी गळून पायावर पडलं तेव्हा भानावर आले. फडकं पिळलं आणि घरात परत आले. सगळं घर लखलखीत केलं, तेवढ्या फळ्या सोडल्या.

संध्याकाळी हुग्गी शिजवली, गहू, गूळ, वर खोबरं. उपकार मानायचे राहिलेल्या माणसाला ताट वाढलं, हुग्गीत खळगा करून तूप घातलं. तो म्हणाला, "सण उद्या न्हव?"

"खा गप."

खाऊन झाल्यावर सवयीनं त्यानं हात पुढं केला. "अव्वा, काढा?"

मी म्हटलं, "आता कशाला रे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी भांडी आवरायला घेतली.